जावयाच्या गाडीचं तेल

धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं. अनारसे, दिवा, कपडे आणि ऐपत असेल तशी चांदीची एखादी वस्तू. मुलीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, म्हणून काय द्यायचं यावर आमच्या घरात बरेच दिवस खल चालला होता. शेवटी मुलीनंच पुण्याहून फोन करून निकाल लावला. जावई चांदी घेणार नाहीत, लग्नात अंगठीसुद्धा हात जोडून परत केली होती त्यांनी. द्यायचंच असेल तर गाडीचं तेल द्या, म्हणाली. त्या एका वस्तूला ते नाही म्हणायचे नाहीत.

बायकोला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. जगात कुणी जावयाला वाण म्हणून इंजिन ऑइल दिलंय का, असं ती मला विचारू लागली, जणू मीच सुचवलं होतं. मला तेव्हाच काळजी लागली होती, कारण ते तेल आणायचं काम माझ्यावर येणार हे उघड होतं.

मी औंढ्यातल्या एका शाळेत कारकून आहे. माझ्याकडं स्कूटर आहे आणि तीही मी भिऊन भिऊन चालवतो. काळजी करणं हा माझा स्वभाव आहे. बायको म्हणते, तुमाला काळजीला काही मिळालं न्हाई तर काहून मिळालं न्हाई याची काळजी करता. जावयाची गाडी मात्र खरोखरच काळजी करण्यासारखी. दिसायला लहान, बुटकी, पण बस स्टँडवर असली तरी आवाज आमच्या गल्लीत येतो. जुनी विकत घेऊन इंजिनात काय काय बदल करून घेतलेत. सुटीच्या दिवशी रेसिंगच्या ट्रॅकवर नेतात आणि घड्याळाशी शर्यत लावतात. शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसते. हे कळल्यापासून रविवारी मला जेवण जात नाही.

पण खरी काळजी वेगळीच होती, आणि ती दादाची.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा त्यानंच मला वाढवलं, शिकवलं. गल्लीतल्या देवीच्या देवळात नंदादीपाची सेवा आमच्या घराकडं आहे आणि ती दादा करतो. त्याचे नियम ठरलेले. दिवा कधी रिकामा करायचा नाही, जुन्यावरच नवं घालायचं. भरायचा तर काठोकाठ, तेल ओठाला लागलेलं दिसलं पाहिजे. आणि कुणी देवीला तेल आणून दिलं तर ते त्याच दिवशी दिव्यात गेलं पाहिजे, रात्रभर डब्यात ठेवायचं नाही. आलेलं तेल निजवू नये, असं तो म्हणतो.

जावई डोंगरकड्याकडच्या तांड्यावरचे. मुलीनं स्वतः पसंत केलेले. दादा लग्नाला आला, अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी निघून गेला. तो भांडला नाही, शापही दिले नाहीत. मला एवढंच म्हणाला, "तुला अडवत न्हाई म्या. पर माझ्यानं व्हत न्हाई." त्यानंतर जावई दोन-तीनदा येऊन गेले. दादा त्यांच्याशी थेट बोललाच नाही. त्यांच्यासमोर उभा राहून माझ्या बायकोला सांगायचा, त्यान्ला चहा द्या. आणि जेवणाच्या वेळी त्याला नेमकं देवळात काम निघायचं. जावई शहाणे, कधी चकार शब्द काढला नाही. मुलगी मात्र दर वेळी जाताना रडायची. माझं एकच मागणं होतं: धोंड्याच्या दिवशी दादानं जावयाच्या पंक्तीला बसावं. वाण आवडो न आवडो, एवढं व्हावं.

आता तेलाचं सांगतो. मला वाटायचं तेल म्हणजे तेल. कळमनुरीला एका दुकानात विचारलं तर तिथल्या माणसानं ट्रॅक्टरचा डबा पुढं केला आणि हेच सगळ्यात घाला म्हणाला. हिंगोलीत दुसऱ्यानं एकदम तीन डबे मांडले. झिरो-ट्वेंटी, फाइव्ह-थर्टी, फाइव्ह-फॉर्टी. तिन्हींवर सोनेरी अक्षरांत फुल्ली सिंथेटिक, तिन्हींवर धावणारी गाडी. तो म्हणाला, आपल्या भागात ऊन लई, जाडच घ्या. तिथंच उभं असलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, नव्या इंजिनाला पातळच लागतं, जाड घातलं की गेलं इंजिन. दोघांची जुंपली आणि मी रिकाम्या हातानं बाहेर पडलो.

मग मी मोबाइलवर बघायला लागलो. कुठल्या तरी बर्फाच्या देशातला माणूस दोन तेलं गोठवून ओतून दाखवायचा, तीच मग तापवून दाखवायचा. इकडं आमच्या अंगणात सांडगे दुपारपर्यंत कडक वाळत होते. हळूहळू एवढं समजलं की पहिला आकडा गार असतानाचा, तेल सकाळी किती चटकन धावतं त्याचा. दुसरा गरम असतानाचा, तापल्यावरही किती अंग धरून राहतं त्याचा. जावयाच्या गाडीला टर्बो आहे, तो भट्टीसारखा तापतो. तेल फार पातळ निघालं तर तिथं टिकत नाही, फार जाड असलं तर सुरू करताना वेळेत पोचत नाही. म्हणजे इकडं आड, तिकडं विहीर. त्यात कुणी म्हणे हे तेल इंजिन साफ ठेवतं, कुणी म्हणे ते घर्षण कमी करतं. एक जण तर सांगत होता की ट्रॅकवर जाणाऱ्याला टेन-सिक्स्टीशिवाय पर्याय नाही. मी मुलीला गुपचूप गाडीच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवायला सांगितला. तिथं फाइव्ह-फॉर्टी होतं आणि शेजारी कंपनीच्या मान्यतेचा एक लांबलचक क्रमांक.

तो क्रमांक घेऊन मी नांदेडला गेलो. तिथं दोन डबे सारखेच वाटले, भावही उन्नीस-बीस. पण कारकुनाचा डोळा कामाला आला. एकाच्या पाठीवर लिहिलं होतं, या क्रमांकाची मान्यता मिळालेलं. दुसऱ्याच्या पाठीवर, या मान्यतेच्या तोडीचं. मंजूर आणि मंजुरीस पात्र यात काय फरक असतो, हे उभी हयात कचेरीच्या फायली हाताळलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी पहिला घेतला, एक मोठा डबा आणि एक छोटा. मग डुप्लिकेट मालाची भीती सुरू झाली. झाकणाचं सील, तळाचा शिक्का, सगळं उजेडात धरून पाहिलं. दुकानदार वैतागून म्हणाला, अंकल, लेके जाओ, असली है. एस.टी.त दोन्ही डबे मांडीवर घेऊन बसलो. शेजारची बाई सारखी माझ्याकडं बघत होती.

या सगळ्या अभ्यासात एक गोष्ट मला नवीन होती. तेल कमी पडलं की इंजिन जातं, हे कुणालाही समजेल. पण तेल जास्त झालं तरी जातं. तेल मोजायच्या पट्टीवर दोन खुणा असतात, वरच्या खुणेच्या वर जाऊ द्यायचं नाही. गेलं, तर आतला फिरता दांडा डेऱ्यातल्या रवीसारखा तेल घुसळतो, त्याचा फेस होतो आणि फेसाला जोर नसतो. मग धूर, गळती, शेवटी टर्बो बसतो. हे मी बायकोला दोनदा समजावून सांगितलं आणि तिनं दोनदा जांभई दिली. दादाला सांगितलं नाही. त्या गाडीचा विषय त्याच्यापुढं कुणी काढत नव्हतं.

धोंड्याच्या दिवशी सकाळी दोघं आली. अंगणात पाट मांडला, रांगोळी घातली. बायकोनं जावयाला ओवाळलं, अनारशांचं ताट आणि दिवा हातात दिला. मग मी ते दोन डबे पुढं केले. बायकोनं त्यांनाही हळदीकुंकू लावलं होतं. जावयानं डबा उलटा करून पाठीवरचं वाचलं आणि एकदम माझ्याकडं पाहिलं. "मामा, हे तुमी शोधलं?" म्हणाले. त्यांच्या गाडीत आत्ता तेच तेल होतं. त्यांनी डबे दोन्ही हातांनी कपाळाला लावले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग न घडणारी गोष्ट घडली. दादा देवळातून आला, अंगणातल्या डब्यांपाशी थांबला आणि थेट जावयालाच विचारलं, "हे कुठं घालतेत?"

मुलीनं माझा हात धरला. जावई उठले, गाडीचं बॉनेट उघडलं आणि दादाला सगळं दाखवलं. हे झाकण, ही पट्टी. येताना थोडं कमी झालंय, घालावं लागेल, असंही सांगितलं. दादा वाकून बघत होता, मान हलवत होता. तेवढ्यात बायकोनं जावयाला आणि मुलीला देवघरात पाया पडायला बोलावलं. मीही मागोमाग गेलो. इतका आनंद झाला होता की मला दुसरं काही सुचलंच नाही.

जेवायला दादा पंक्तीला बसला. जावयाच्या शेजारी, एका पाटाचं अंतर सोडून. पुरणाचे धोंडे वाढले, त्यावर तूप पडलं. बायको पदरानं डोळे पुसत वाढत होती. दादानं दोन घास खाल्ले आणि समाधानानं म्हणाला, "जावईबापू, तेल भरून ठेवलं म्या. तोंडाशी दिसंनाच, म्हणून लहाना डबा सगळा घातला, मंग मोठ्यातलं बी घातलं, तवर जेवायची हाक आली. आलेलं तेल निजवू न्हाई."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. दिव्याचं तेल ओठाशी दिसतं, तसं इंजिनाचं कधीच दिसत नाही. दादा ते दिसायची वाट बघत ओतत राहिला होता. मी जावयाकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "बराबर केलं, मोठे मामा," म्हणाले आणि ताटातला धोंडा मोडला.

पुढचं जेवण मी कसं गिळलं ते मलाच माहीत. ऊन उतरलं की दोघं तांड्यावर जायला निघणार होती आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुणं. जावयाला हे कळलं होतं की नाही? गप्प राहावं तर माझी मुलगी त्या गाडीत बसणार. भर रस्त्यात इंजिन जाम झालं तर काय होतं, याचेही व्हिडिओ मी पाहिलेले. आणि सांगावं तर दादा. जन्मात पहिल्यांदा त्यानं या मुलासाठी हात चालवला, तोही देवीच्या दिव्याला चालवतो तसा, मनापासून. तो हात चुकला असं सगळ्यांसमोर म्हटलं, की तो पुन्हा देवळात जाऊन बसणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला दादाचा राग आला, जावयाचा आला आणि सगळ्यात जास्त त्या मान्यतेच्या क्रमांकाचा आला. एवढं पारखून आणलेलं तेल, आणि तेच जास्त होऊन बसलं.

दुपारी सगळे आडवे झाले. जावई पुढच्या खोलीत पंख्याखाली पडले होते. मी जाऊन उभा राहिलो. तोंड उघडण्याआधीच ते उठून बसले आणि हळूच म्हणाले की गाडी चालू करायची नाही, त्यांना माहीत आहे. जेवायला बसतानाच दोन्ही डबे उघडलेले पाहिले होते त्यांनी. काळजी करण्यासारखं काही नाही, इंजिन अजून बंदच आहे, वरचं तेवढं काढून टाकलं की झालं. मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी मिळाली तर पट्टीच्या भोकातून ओढता येईल.

मी चप्पल घालून निघालोच. मेडिकलवाला झोपेतून उठला आणि कुणाला काय झालंय म्हणून विचारत बसला. गाडीला झालंय म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. सामान घेऊन धावत आलो आणि जावयाला म्हटलं, दादा झोपलाय तोवर उरकून टाकू. त्याला पत्ता लागायला नको.

जावयानं मान हलवली. "न्हाई मामा. आमच्या तांड्यावर पाहुण्याची चूक झाकून घेतेत. घरच्या माणसाची तोंडावर सांगतेत."

मी म्हणालो, आज धोंडा आहे, तुम्ही जावई, तुम्हीच पाहुणे.

"तेच तर," ते म्हणाले. "मी किती दिवस पाहुणा राहू?"

तरी मी त्यांच्या दंडाला धरलं. माझा भाऊ कसा आहे ते मला ठाऊक होतं. एकदा देवळात कुणी त्याला वात वाकडी आहे म्हटलं होतं, तर पुढं कितीतरी दिवस दादा त्या माणसाच्या घरावरून गेला नव्हता. पण जावई हात सोडवून दादाच्या खोलीत गेले. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

दादा जागाच होता, वाती वळत बसला होता. जावई त्याच्यासमोर खाली बसले आणि सरळ सांगितलं की तेल जास्ती झालंय. असंच चालवलं तर इंजिन खराब होईल. दिव्याला काठ असतो तशी इंजिनाला खूण असते आणि ती आतच असते, बाहेरून दिसत नाही. आता तुम्ही हात लावलाय, तर काढायलाही तुम्हीच या.

दादाच्या बोटांतली वात थांबली. संपलं, असं मला वाटलं. आता हा उठून देवळात जाईल आणि माझी मुलगी पुन्हा रडत गाडीत बसेल. मग दादानं मान वर केली.

"जेवताना काहून बोलला न्हाईस?"

एकेरीत. जावईबापू नाही, तुम्ही नाही. जावई पहिल्यांदा गडबडले. म्हणाले, तुम्ही पहिल्यांदाच शेजारी बसला होता, घास मोडायचा नव्हता.

दादानं वाती ताटलीत ठेवल्या, हात धोतराला पुसले आणि उठला.

मग त्या टळटळीत उन्हात आम्ही तिघं गाडीपाशी. चौथी मुलगी, छत्री धरून. दादानं सिरिंज ओढायची, जावयानं नळी धरायची, मी रिकामा डबा. काळपट तेल ओढून येई, डब्यात पडे. मधूनमधून जावई पट्टी पुसून बुडवायचे आणि दादाला दाखवायचे. अजून वर आहे. अजून. दादाला ते सोसत नव्हतं हे दिसत होतं. भरलेलं उपसायचं, हे त्यानं जन्मात केलं नव्हतं. दर वेळी ओढताना तो ओठ मिटून घ्यायचा. वरच्या खुणेशी आल्यावर त्याला वाटलं झालं, तर जावई म्हणाले, थोडं आणखी, मधात राहू द्या. दादा पुटपुटला, हे कसलं भरणं, आणि तरी ओढलं. मग पट्टी स्वतःच्या हातानं पुसून, बुडवून, उन्हाकडं धरून पाहिली. दोन खुणांच्या मधोमध ओल होती.

गाडी चालू झाली तेव्हा मी डोळे मिटले होते. धूर आला नाही. जावई बराच वेळ वाकून ऐकत राहिले, मग त्यांनी अंगठा दाखवला.

निघताना त्यांनी मोठा डबा डिकीत ठेवायला उचलला. त्यात अजून बरंच चांगलं तेल होतं. दादा पुढं झाला आणि डबा त्यांच्या हातातून काढून घेतला. "ऱ्हाऊ दे हितंच," म्हणाला. "दिवाळीला येशील तवा लागंल." जावई त्याच्या पाया पडले. दादानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि काढायला जरा वेळ लावला. मुलगी रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

तांड्यावर पोचल्याचा फोन येईपर्यंत मी गल्लीत येरझाऱ्या घातल्या. फोन आला तेव्हा दिवेलागण झाली होती. सांगायला देवळात गेलो. दादा नंदादीपात तेल घालत होता, नेहमीसारखं काठोकाठ. माझी चाहूल लागली तसं त्यानं मागं न बघताच विचारलं, पोरगं पोचलं का. मी हो म्हटलं.

तो डबा दादानं स्वतःच्या खोलीत नेला आणि देवीच्या तेलाच्या डब्याशेजारी कोनाड्यात ठेवला. मला लगेच नवी काळजी लागली, कुणी चुकून ते दिव्यात घातलं तर? म्हणून मी त्यावर ठळक अक्षरांत गाडीचं असं लिहून ठेवलंय आणि तरीही रोज एकदा जाऊन बघून येतो. डबा तिथंच असतो, झाकण घट्ट, वरच्या हळदीकुंकवासकट. आलेलं तेल दादानं एक रात्रसुद्धा कधी निजवलं नव्हतं. दिवाळीला अजून बराच अवकाश आहे.